दोन दारांचं विमान

आमच्या मालकांनी विमान घेतलं नाही, कारण ते त्यात मावले नाहीत, असं कोल्हापुरात अजून सांगतात. चहाच्या गाड्यावर हा किस्सा रंगवणाऱ्याने बहुधा मालकांना पाहिलेलंही नसतं. तो दोन्ही हात फाकवून त्यांची रुंदी दाखवतो, ऐकणारे खिदळतात, आणि मी मान खाली घालून चहा पितो. वास्तविक ते मावले असते. विमान बघताना त्यांनी सगळ्यात आधी पाहिली ती रुंदीच. पण ती स्वतःसाठी नव्हती. शेजारच्या जागेवर त्यांना आपल्या थोरल्या भावाला बसवायचं होतं, आणि त्या भावाशी ते कित्येक वर्षं एक शब्द बोललेले नव्हते. हे मला ठाऊक आहे, कारण त्या काळात दोघांमधला प्रत्येक शब्द माझ्या तोंडातून जात होता.

मालक म्हणजे माझे घरमालक. उद्यमनगरात त्यांची फाउंड्री होती. पंपाचे, इंजिनाचे बिडाचे भाग तिथे ओतले जात. फाउंड्रीला लागूनच घर, त्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी राहत असे. नाशिककडून हुपरीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला आलो, तो त्या दोन खोल्यांतच म्हातारा झालो. लग्न केलं नाही. संध्याकाळी मालकांबरोबर चहा, एवढाच माझा संसार.

भट्टीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे मालकांना हळू बोलता येत नसे. ते फोनवर बोलू लागले की फोनची गरज काय, असा प्रश्न पडे. आणि प्रेम असेल तिथे शिवी. कामगार म्हणजे बेणं, जावई म्हणजे टोणगा, डॉक्टर म्हणजे कसाई. मला ते 'सर' म्हणत, पण फार खूश असले की "ए पुस्तकातल्या किड्या" अशी हाक येई. एखाद्या कामगाराला मालक 'आपण' म्हणाले, की तो बिचारा दुसऱ्या दिवशी दुसरीकडे काम शोधायला जाई. "आपण उद्यापासून आराम करावा," हे वाक्य मी एकदा स्वतः ऐकलंय. ज्याला उद्देशून ते होतं, तो ढसाढसा रडला होता. एवढं डोळ्यांनी पाहूनही मला काही समजलं नाही, हेच पुढे सांगायचं आहे.

त्यांचं दुसरं वेड पॅटर्नचं. फाउंड्रीत कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना करतात. त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबायचा, खड्डा उठला की त्यात रस ओतायचा. धातू गार होताना आकसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवतात. मालकांनी हा नियम सगळ्या आयुष्याला लावला होता. "आधी पॅटर्न, मग माल." घरात फ्रिज घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी मेस्त्रीकडून लाकडी फ्रिज करून घेतला आणि स्वयंपाकघरात ठेवला. दार उघडतंय का, पाय अडखळतोय का, बघायला. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यात कांदे ठेवायला सुरुवात केली. कांदे चांगले राहू लागले. खरा फ्रिज आला तो मुलीच्या लग्नानंतर.

"ह्यांनी माझ्याशी लग्न केलं ते बी पॅटर्न बघून," काकी म्हणायच्या. "माझ्या थोरल्या भनीला बघाय आलते. आकसलेला माल मी."

आता भावाचं. हुपरीच्या वाटेवर या दोघांचं वडिलोपार्जित रान होतं, लांबलचक, रस्त्यापासून ओढ्यापर्यंत. वाटणीच्या दिवशी थोरले म्हणाले, लांबीनं कापू, दोघांनाही रस्ता मिळेल, दोघांनाही पाणी. मालक म्हणाले, आडवं कापायचं. का, ते त्यांनाही सांगता येईना. फक्त थोरले आधी बोलले होते, एवढंच कारण असावं. रान आडवं कापलं गेलं. थोरल्यांना ओढ्याकडचा तुकडा आला, मालकांना रस्त्याकडचा, आणि मध्ये बांध. थोरले म्हणाले, "माझं चुकलं म्हण, मग तुझ्याशी बोलीन." मालक म्हणाले, "जल्मात न्हाय." इतकंच. तेव्हापासून दोघेही एकमेकांना 'तिकडचे' म्हणत.

माझी बस त्या रानावरून जायची. थोरल्यांचं घर थांब्यालगत. मालक सकाळी जिन्याखालून ओरडत, "सर, जाता जाता तिकडच्यास्नी सांगा, सामायिक मोटर जळलीया, तीन दिवस पाणी घेऊ नका." येताना थोरले रस्त्यावर उभे असत. "त्याला सांगा, मोटर त्यानंच जाळली." असा मी पोस्टमन झालो. पुढेपुढे दोघे समोरासमोर असले तरी मी लागे. पुतण्याच्या लग्नात माझ्या ताटाच्या दोन बाजूंना दोघे बसले होते.

"सर, तिकडच्यास्नी म्हणावं जिलबी घ्या."

"सर, सांगा, साखर हाय मला. एवढंबी ठावं न्हाय व्हय म्हणावं."

"सर, म्हणावं, माझ्या वाटणीची साखर बी तिकडंच गेली."

मी दोघांच्या मध्ये बसून डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे मान फिरवत होतो. माझी जिलबी तशीच राहिली. पण खरं सांगायचं तर मला ते आवडत असे. त्या गावात माझं कुणी नव्हतं, आणि इथे दोन माणसं माझ्याशिवाय हलू शकत नव्हती.

विमानाचं खूळ कसं शिरलं तेही सांगतो. कोल्हापूरहून हैदराबादला विमान सुरू झालं तेव्हा मालक एका गिऱ्हाइकाकडे त्यातून गेले. परत आले ते थेट माझ्या खोलीत. धाप लागलेली.

"सर, वर गेलो न्हाय तवर आमचं रान दिसलं. आणि तिकडचे दिसले. बांधावर हुभे. कमरेवर हात. त्यांनी वर बघितलं."

"मग?"

"मग काय? माझ्याकडं बघितलं की! इतक्या वर्षांत पयल्यांदा. एरवी मी दिसलो की पाठ."

त्या आठवड्यातच मालकांनी ठरवलं की विमान घ्यायचं. लहान, दोन माणसांचं, आपल्याच रानातून उडणारं, आपल्याच रानात उतरणारं. मी इंग्रजीचा, म्हणून माहितीपत्रकं वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे. चार जणांचं विमान सगळे सुचवत होते. मालक म्हणत, "दोनच."

मी एकदा विचारलं, "मालक, दोनच जागा. एकीवर तिकडचे बसले तर चालवणार कोण?"

"मी."

"तुमचा रक्तदाब बघून डॉक्टरांनी परवाना मिळणार नाही म्हटलंय."

"उडवायला मी हाय, रक्त न्हाय."

आता त्यांच्या निवडीच्या अटी सांगतो. विमानातलं कळणारा माणूस हसेल, पण त्यानं त्या वाटणीच्या बाजूने वाचाव्यात.

एकामागे एक जागा असलेली विमानं त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केली. "पाठ बघत बसायला इमान कशाला? पाठच बघतोय की." पंख खाली असलेली बाद, कारण खालचं रान झाकलं जाईल. एकच दार असलेल्यांची पत्रकं तर त्यांनी हातातसुद्धा धरली नाहीत. "एका दारातनं पयला कोण जाणार? तिथंच सकाळची संध्याकाळ हुईल. दोघांस्नी दोन दारं." आणि रुंदी अशी की दोन धिप्पाड माणसांचे खांदे एकमेकांना लागता कामा नयेत. "खांदा लागला तर त्यो म्हणंल, ह्यो चिकटाय आला."

बेळगावच्या पुढे एका हौशी माणसाच्या खासगी पट्टीवर असं एक विमान होतं. विकणाऱ्या कंपनीचा तरुण आम्हाला बंगळुरूहून तिथे भेटायला आला. टाय लावलेला, मोडकंतोडकं मराठी बोलणारा, फार अदबशीर मुलगा. मालकांनी विमानाभोवती एक फेरी मारली, वडगावच्या बाजारात बैलाभोवती मारतात तशी. शेपटीवर थाप मारली. पुढच्या चाकाशी उकिडवे बसले.

"चालवून दाखवा."

मुलगा म्हणाला, "सर, डेमो फ्लाइट ठेवलीय."

"उडायचं नंतर. आधी चाल बघू द्या, पावणं. उभं जनावर कुणीबी विकतंय."

मग ते विमान पट्टीवर नुसतं चालवलं गेलं. जाताना, येताना, पुन्हा जाताना. मालक मान तिरकी करून पाय बघत होते. "पुढच्या पायात अडखळतंय," त्यांनी निकाल दिला. मुलाने ते वहीत लिहून घेतलं. शेवटी मालक आणि तो मुलगा शेजारी शेजारी बसले. मुलगा काटकुळा, तरी खांदे घासले. मालकांनी विचारलं, "दोघांचं बोलणं फाटलं असलं, तर ह्यात कसं काय बसायचं?" मी भाषांतर केलं. मुलगा म्हणाला, हेडफोन असतात, त्यातून स्पष्ट ऐकू येतं. मालक फार विचारात पडले.

पण खरी अडचण रानाची होती. त्यांनीच आडवं कापल्यामुळे त्यांचा तुकडा तोकडा होता. रस्त्याच्या विजेच्या तारांमुळे उडायचं ते ओढ्याकडे तोंड करून, आणि समोर बांधापलीकडे थोरल्यांचा आडसाली ऊस, दोन पुरुष उंच. एवढ्याशा धावेत उसावरून जाणारं विमान मिळणं कठीण. थोरल्यांनी बांधालगत ऊस सोडून बुटकं पीक घेतलं तर सगळंच सोपं होतं. मालकांनी तीन दिवस मिशी चावली आणि चौथ्या दिवशी जिन्याखालून ओरडले, "सर, जाता जाता तिकडच्यास्नी इचारा, बांधाकडनं भुईमूग लावाय जमंल काय. इमानासाठी म्हणावं. पयलं त्यास्नीच बसवणार हाय, ह्ये बी सांगा."

मी सांगितलं. थोरले म्हशीला पाणी दाखवत होते. बादली खाली ठेवून ते जे बोलले ते शब्दाला शब्द असं होतं.

"त्या रेड्याला सांगा, जमिनीवर धड चालाय येत न्हाय, आणि वर जाऊन काय उजेड पाडणार हाय? पडला तर माझ्याच रानात पडणार. मग हाडं कुणी वेचायची? मीच वेचणार न्हवं? बापानं ह्ये बेणं माझ्याच गळ्यात बांधलंय!"

मी घाबरलो. एवढी शिवीगाळ मालकांपर्यंत न्यायची म्हणजे आगीत तेल. बसमध्ये मी वाक्यं जुळवली. माझ्या घरी 'अरे'सुद्धा जपून वापरत. संध्याकाळी फाउंड्रीच्या अंगणात चहाच्या वेळी मी मालकांना म्हणालो, "सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांना ते योग्य वाटत नाही. त्यांची संमती नाही असं दिसतं."

मालकांचा कप हवेतच राहिला. "असं म्हणाले?"

"भावार्थ हाच."

"शिव्या न्हाय दिल्या?"

"छे छे. अगदी शांतपणे बोलले."

मालक ओतकामाच्या वाळूच्या ढिगावर बसले. "म्हणजे संपलं," ते म्हणाले. मला वाटलं, त्यांचं विमानाचं खूळ संपलं. मला बरंच वाटलं.

त्या दिवसापासून मालकांनी रानात जाणं सोडलं. रान कसणाऱ्या वाटेकऱ्याला ताकीद दिली की तिकडचा विषय आपल्यासमोर काढायचा नाही. आणि मला म्हणाले, "आता त्याच्या हुभ्या उसावरनं जाणारंच इमान बघायचं." माहितीपत्रकांचे गठ्ठे येऊ लागले. कुठलं किती पावलांत उचलतं, कुठलं किती उंच ऊस ओलांडेल, मी वाचायचो, ते मान हलवायचे. रुंद असेल ते जड, जड असेल ते लांब धावणार, तोकड्या जागेत उठणारं असेल ते अरुंद. "दोघं बसतील तर उडणार न्हाय, उडंल तर दोघं बसणार न्हाईत," असं त्यांनी एकदा सगळ्याचं सार सांगितलं.

त्या हंगामात बसच्या खिडकीतून मला थोरल्यांचं रान दिसायचं. बांधापासून बऱ्याच आतपर्यंत ऊस नव्हता. गुडघ्याखालचं काहीतरी हिरवं पसरलं होतं. मला शेतीतलं कळत नाही. पिकाची फेरपालट असेल, असं मी मनाशी म्हटलं. रोज जाताना म्हटलं आणि रोज येताना म्हटलं. पुढच्या वर्षी तिथे पुन्हा ऊस उभा राहिला.

विमान मिळेना, तेव्हा मालकांनी पॅटर्न करायला घेतला. मेस्त्रीने प्लायवूड आणि लोखंडी अँगल घेऊन फाउंड्रीच्या अंगणात, शेडखाली, विमानाची नुसती खोली उभी केली. पंख नाहीत, शेपूट नाही, काचा नाहीत. दोन खुर्च्या, दोन बाजूंना दोन दारं, समोरच्या फळीवर ऑइलपेंटने काढलेली घड्याळं. आकसण्यासाठी म्हणून सगळं थोडं मोठं ठेवलं. मालक रोज जेवणाच्या सुट्टीत त्यात दोन-दोन कामगार बसवायचे आणि मधल्या फटीत हात घालून बघायचे. गुळाचे रवे, म्हणजे मोठ्या ढेपा, त्याही बसवून झाल्या. काकींना बसवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी हितं जेवाय बसू काय? घरापरास ऐसपैस हाय."

मी तेव्हा निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. बस बंद, म्हणून निरोपही बंद. एका दुपारी काकींनी चहा देता देता विचारलं, "सर, त्या भुईमुगाच्या वक्ताला भावजी नक्की काय म्हणालते वो? ह्येंचा इस्वास बसत न्हाय अजून. शिवी न देता ते नाही म्हणणारच न्हाईत. ते शिवी न देता देवाला बी नमस्कार करत न्हाईत."

मी भावार्थ सांगू लागलो. काकी म्हणाल्या, "भावार्थ नगं. तोंडचं सांगा."

मालक दारातच होते. मी मान खाली घातली आणि कॉलेजात हजेरी घेतात त्या आवाजात सगळं म्हटलं. रेडा. उजेड. हाडं. मीच वेचणार न्हवं. बेणं माझ्याच गळ्यात.

मालक हसू लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, काकींनी पाठीवर थापट्या मारल्या. "हाडं वेचीन म्हणाला! माझी हाडं! आयला, मग ह्यो होच म्हणालता की!" मग डोळे पुसून ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता 'आपण' येणार. पण ते म्हणाले, "ए पुस्तकातल्या किड्या, बस धर उद्या. आणि त्या म्हाताऱ्या बोक्याला सांग, मरायच्या आधी येऊन आपली जागा बघून जा. जशाला तसं सांग. कानामात्रा कमी केलास तर भट्टीत घालीन."

पिकल्या केसांनी मी हुपरी रस्त्यावर उतरलो आणि एका वयोवृद्ध गृहस्थाला, त्याच्या अंगणात, म्हशीसमोर, 'म्हातारा बोका' म्हणालो. आयुष्यात प्रथमच मी कुणाला शिवी दिली. थोरल्यांनी डोळे बारीक केले. "त्यानं म्हटलंय?" "होय." "असंच?" "असंच." दुसऱ्या दिवशी ते ट्रॅक्टरवर बसून भर रस्त्याने कोल्हापुरात आले.

अंगणात दोघे समोरासमोर उभे राहिले.

"सर, ह्ये काय हाय म्हणावं?"

"सर, सांगा, इमान हाय."

"पंख कुठं हायत इचारा."

"म्हणावं, बसाय पंख लागत न्हाईत."

मालक आपल्या दाराने आत बसले. थोरल्यांनी काठी माझ्याकडे दिली, वळसा घातला आणि आपल्या दाराने बसले. मी सवयीने त्यांच्या दाराशी उभा राहिलो. थोरले म्हणाले, "सर, त्याला म्हणावं..." तेवढ्यात मालकांनी हात लांब करून ते दार ओढून घेतलं. "ह्यात तिसरी जागा न्हाय." ते कुणाला उद्देशून होतं, सांगता येणार नाही.

दाराला काच नव्हती. माझं तोंड थोरल्यांच्या कानापासून हातभर होतं. "सर?" ते म्हणाले. मी चिमणीच्या धुराकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा निरोप पोचवला नाही.

मग थोरल्यांनी बूड हलवलं.

"सरक की रेड्या जरा."

"तूच सरक. तुझ्याकडं दोन बोटं जास्त ठेवल्यात."

"वाटणी तुझीच न्हवं? मग नीट कशी असंल?"

थोरले समोरच्या रंगवलेल्या घड्याळांकडे बघत म्हणाले, "भुईमूग लावलाता मी. हुभा ऊस मोडून. तुझं इमान येणार म्हणून रोज वर बघत हुतो. बायको म्हणाली, मान मोडंल. आलाच न्हाईस. इतका कसा रं तू?"

मालकांनी मान वळवली आणि थोरल्यांच्या खांद्यावरून, त्या बिनकाचेच्या दारातून माझ्याकडे पाहिलं. मी बसमधून रोज जात होतो, हे त्यांना माहीत होतं. मी डोळे खाली घातले. काठी घट्ट धरली.

"मी बघितलाच न्हाय दादा," मालक म्हणाले. "माझं चुकलं."

"आं? काय?"

"माझं चुकलं म्हणतोय!" या वेळी भट्टीच्या आवाजावरचा आवाज. शेडमधली सगळी कामं थांबली. मेस्त्रीच्या हातातली पटाशी तशीच राहिली.

थोरल्यांनी नाक ओढलं. "एवढं वरडायला मी काय भैरा हाय?" म्हणाले, आणि मालकांच्या मांडीवर एक सणसणीत चापट मारली.

त्यानंतर माहितीपत्रकं रद्दीत गेली. बंगळुरूच्या मुलाचा फोन आला तेव्हा मालकांनी त्याला घरी जेवायला बोलावलं आणि पुढच्या पायाची चौकशी केली. थोरले अधूनमधून ट्रॅक्टरवरून येत, दोघे त्या खोक्यात बसून पान खात, एकमेकांना वाटणीची दोन बोटं ऐकवत. असे दोन हिवाळे मिळाले. मग थोरले गेले, आणि पुढच्या वर्षी मालक.

मालकांच्या दिवसकार्याला थोरल्यांचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "काका मनाचा मोठा. वाटणीपासनं सगळी चूक त्याचीच हुती, पण शेवटाला भरल्या फाउंड्रीत कबूल केली. व्हय की न्हाय सर? तुम्ही हुता की तिथं." मी 'हो' म्हटलं. सवयीने.

वाटणीचं काय ते त्या दोघांचं त्यांना माहीत. पण मालकांनी त्या दिवशी जी चूक कबूल केली ती भुईमुगाची होती, आणि ती माझी होती. मी त्या वेळी तिथेच उभा होतो. त्या दाराला कडी नव्हती, आणि ते माझ्याच बाजूला उघडत होतं.